मऊ चाक

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवली की चाक वर्षानुवर्षे टिकते, पण त्या दिवसापासून ते जमीन कापू लागते. धाव चार बोटे रुंद; गाडीचा आणि मालाचा सगळा भार तेवढ्या पट्टीवर येतो. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत ती पट्टी रुतते, मागून येणारी गाडी त्याच खाचेत उतरते आणि चाकोरी तयार होते. आपल्या भाषेत चाकोरी म्हणजे ठरलेली, सुरक्षित वाट. मुळात मात्र ती कठीण चाकाने मऊ जमिनीवर केलेली जखम आहे. मातीच्या रस्त्यावर ही जखम निभावते, कारण खाली कुठेतरी घट्ट थर लागतो. वाळवंटात तो थर लागत नाही. तिथे पहिल्या गाडीची चाकोरी दुसऱ्या गाडीचा सापळा ठरते. म्हणून रस्ता नसलेल्या मुलखात मोटार नेण्याचा इतिहास अश्वशक्तीच्या आकड्यांतून सांगण्याची जी सवय पडली आहे, ती मला चुकीची वाटते. या इतिहासातले निर्णायक वळण इंजिनाच्या झाकणाखाली आलेले नाही. ते टायरच्या व्हॉल्व्हपाशी आले, म्हणजे चालकाने गाडी थांबवून, खाली उतरून, चाकातली हवा मुद्दाम सोडायला सुरुवात केली तेव्हा.

हवेच्या चाकाची कल्पना खडबडीत जमिनीसाठीच जन्मली होती, हे आता सहसा कुणाच्या लक्षात नसते. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनियरने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले आणि पुढे लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये घोडागाडीला तशी चाके लावून ओढ मोजली. गुळगुळीत रस्त्यावर घोड्याचे श्रम वाचलेच, पण फोडलेल्या खडीवर त्याहून कितीतरी अधिक वाचले. थॉमसनचे चाक विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने ते आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा शोधले आणि तिथून त्याचा प्रवास उलट्या दिशेने सुरू झाला. सायकलींच्या शर्यतींना वेग हवा होता, वेगाला कठीण चाक हवे होते. मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार पळवून दाखवली, पण पुढची पंचवीसेक वर्षे मोटारींचे टायर अरुंद आणि टणकच राहिले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या साडेतीन इंची टायरमध्ये दर चौरस इंचाला ५५ ते ६० पौंड दाबाची हवा भरायची शिफारस असे. म्हणजे रबरात हवा भरून पुन्हा धाव तयार केल्यासारखेच ते होते. १९२३ मध्ये फायरस्टोनने बाजारात आणलेल्या ‘बलून’ टायरने हा दाब जवळजवळ निम्म्यावर आणला. हेतू प्रवाशाच्या आरामाचा होता. वाळवंटाचा विचार त्यात नव्हता.

दाब कमी केल्याने नेमके काय होते, हे थोड्या हिशेबाने समजते. एका चाकावर ५०० किलो भार आहे असे धरू. ३५ पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो. तेव्हा हा भार पेलायला टायरची जवळजवळ २०० चौरस सेंटीमीटर पाठ जमिनीला टेकावी लागते. दाब १५ पौंडांवर आणला तर तोच भार सुमारे पावणेपाचशे चौरस सेंटीमीटरवर पसरतो. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा खरी आहे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: हवा सोडली की टायर रुंद होतो असे डोळ्याला वाटते, पण जमिनीवरचा ठसा वाढतो तो मुख्यतः लांबीत. लांब ठशाचे चाक वाळूला समोरून ढकलत नाही, तिच्यावर पसरून पुढे सरकते. कठीण चाक रुतले की त्याला सतत स्वतःच खणलेल्या खड्ड्याच्या काठावर चढावे लागते, म्हणजे सपाट वाळूवरही ते चढच चढत असते. तशात इंजिनाचा जोर वाढवला तर चाक फिरते, वाळू मागे फेकते आणि गाडी आसापर्यंत खाली बसते. उंटाच्या पायाचा तळवा जमिनीला टेकताच पसरतो, त्याचेही कारण हेच. वाळवंटातल्या माणसांना हे तत्त्व हजारो वर्षे उंटाच्या रूपाने ठाऊक होते; ते चाकात उतरायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

ते जिथे उतरले तो मुलूख म्हणजे इजिप्त आणि लिबिया यांच्या मधले वाळवंट. त्यातला ग्रेट सँड सी हा वाळूचा समुद्र उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगांसारख्या टेकड्यांचा बनलेला आहे. जर्मन प्रवासी गेऱ्हार्ड रोल्फ्स १८७४ मध्ये उंटांचा तांडा घेऊन दाखला ओअॅसिसमधून पश्चिमेकडे निघाला, तेव्हा या रांगांनी त्याची वाट अडवली. रांगा आडव्या ओलांडणे अशक्य दिसल्यावर तो त्यांच्या मधल्या दऱ्यांतून उत्तरेला वळला आणि सीवाला पोचला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लाइट कार पॅट्रोल तुकड्यांनी हलक्या मॉडेल टी गाड्यांतून या वाळवंटाच्या उत्तर भागाची पाहणी केली आणि खडीच्या सपाट पठारांवर मोटार दूरवर जाऊ शकते हे सिद्ध केले. वाळूसाठी मात्र दुसराच तोडगा पुढे आला, तो म्हणजे केग्रेस पद्धतीचे रबरी पट्टे लावलेल्या सित्रोएन गाड्या. अशा गाड्या १७ डिसेंबर १९२२ रोजी अल्जेरियातल्या तुगुर्तहून निघून ७ जानेवारी १९२३ ला तिंबक्तूला पोचल्या. इजिप्तचा राजपुत्र कमाल अल-दीन याने याच पट्ट्यांच्या गाड्या वापरून नैऋत्य वाळवंटाचा शोध घेतला आणि १९२६ मध्ये तिथल्या प्रचंड पठाराला गिल्फ केबीर हे नाव दिले. मऊ चाकाच्या बाजूने बोलणाऱ्याला या पट्ट्यांचे उत्तर द्यावेच लागते, कारण त्यांनी सहारा आधी ओलांडला. पण पट्टा जड असतो, तो वाळूने झिजतो, गती मंद असते आणि पेट्रोल फार लागते. त्या पेट्रोलसाठी आणखी गाड्या, त्या गाड्यांसाठी आणखी पेट्रोल. राजपुत्राला हा खर्च झेपत होता. सुट्टी काढून स्वतःच्या पैशाने हिंडणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना तो झेपणारा नव्हता, आणि या इतिहासाचा पुढचा भाग त्यांनीच घडवला.

राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनियर १९२६ मध्ये इजिप्तला आला. १९२९, १९३० आणि १९३२ या वर्षांत त्याने मोजके सोबती घेऊन फोर्डच्या मॉडेल ए गाड्यांतून लिबियन वाळवंटात मोहिमा केल्या. या गाडीचे इंजिन ४० अश्वशक्तीचे होते. आज बाजारहाटाला वापरल्या जाणाऱ्या कित्येक छोट्या मोटारींची ताकद याहून जास्त असते. गाडी चारही चाकांनी ओढणारी नव्हती, जोर फक्त मागच्या दोन चाकांवर. तरी याच गाड्या रोल्फ्सला अडवणाऱ्या वाळूच्या रांगांवर चढल्या. बॅग्नोल्डची बरीच साधने प्रसिद्ध आहेत: सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र, रेडिएटरमधली वाफ पुन्हा पाण्यात बदलणारा डबा, आणि रुतलेल्या चाकांखाली सरकवायच्या पोलादी पन्हाळ्या. या पन्हाळ्या मुळात युद्धातल्या खंदकांच्या छपरांसाठी बनल्या होत्या आणि कैरोच्या भंगार बाजारातून त्याने त्या आणल्या. पण होकायंत्र दिशा दाखवते, डबा पाणी वाचवतो, पन्हाळी रुतल्यानंतर कामाला येते. गाडी रुतूच नये यासाठी जे होते ते त्यामानाने दिसायला किरकोळ: शक्य तितके रुंद टायर, मोकळ्या वाळूत शिरण्यापूर्वी त्यांतला कमी केलेला दाब, आणि पुढच्या गाडीची चाकोरी टाळून प्रत्येकाने कोऱ्या वाळूवरून काढलेली स्वतंत्र वाट. वाळूच्या वरच्या थराला थोडी घट्टी असते. पहिले चाक ती मोडते, म्हणून मागच्याने तिथून जाऊ नये.

इथे पहिला आक्षेप येतो तो वेगाचा. बॅग्नोल्ड टेकडीवर चढला तो गाडी जोरात पळवून, मग श्रेय दाबाला का? वेगाचे महत्त्व नाकारता येत नाही. वाऱ्याकडच्या बाजूला वाळूचे कण घट्ट रचले जातात, आणि तिथे वेगात गेलेली गाडी वर सरकत जाते, हा त्याचा शोध अस्सलच होता. पण वेग ही उसनवारी असते. टेकडीच्या माथ्यावर थांबावेच लागते, कारण पलीकडची उतरती बाजू तेहतीस अंशांच्या आसपास ढासळलेली, सैल असते आणि ती न पाहता पुढे जाणे म्हणजे गाडी उलटवणे. थांबलेल्या गाडीकडे वेग नसतो. तिथून पुन्हा निघायचे तर टायरच्या ठशावरच भिस्त. दुसरा आक्षेप श्रेयाचा आहे. हवा कमी करण्याची युक्ती याआधीही एखाद्या वैतागलेल्या चालकाने केली असेलच. मलाही तसे वाटते, आणि म्हणून ‘पहिला कोण’ हा प्रश्न मी महत्त्वाचा मानत नाही. प्रसंगी केलेली युक्ती आणि जमीन वाचून आधीच ठरवलेली पद्धत यांत अंतर आहे. बॅग्नोल्डने वाळू वाचली. ती कुठे घट्ट, कुठे सैल, आणि का, हा प्रश्न गाडी चालवताना त्याच्या मनात इतका खोल गेला की पुढे त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये वाऱ्याचा बोगदा उभारून वाळूचे कण कसे उडतात ते मोजले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ आजही वाळूच्या भौतिकशास्त्राचा पाया मानला जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कमी हवेचा टायर धोक्याचा. हे खरेच आहे. मऊ टायर कठीण रस्त्यावर वेगाने चालवला की त्याच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, तापतात आणि फाटतात. धारदार खडकांत भिंत बाहेर फुगलेली असल्याने तिला चिरा जातात. फारच हवा सोडली आणि जोरात वळलो तर टायर रिमवरून निसटतो. पण या आक्षेपाने दाब कमी करणे चूक ठरत नाही. दाब जमिनीप्रमाणे बदलला पाहिजे, आणि वाळू संपल्यावर हवा पुन्हा भरली पाहिजे, एवढेच त्यातून निघते. खरी अडचण या दुसऱ्या कामात होती. हवा सोडायला चारपाच मिनिटे पुरतात. चार चाके हातपंपाने किंवा पायपंपाने भरायला, उन्हात, वाळूत गुडघे टेकून, अंगातले त्राण जाते. हे तत्त्व इतके सोपे असून इतक्या सावकाश का रुजले याचे कारण मला अज्ञानापेक्षा या कष्टात दिसते. संध्याकाळपर्यंत तीनदा जमीन बदलली तर तीनदा पंप मारावा लागेल हे जाणणारा चालक ‘जाईल अशीच’ म्हणून कठीण चाकाने वाळूत शिरतो, आणि मग तासभर फावडे चालवतो.

युद्धाने हे कष्ट शिस्तीत बसवले. १९४० च्या उन्हाळ्यात सेनापती वेव्हेल यांच्या परवानगीने बॅग्नोल्डने लाँग रेंज डेझर्ट ग्रुपची उभारणी केली. पहिले जवान न्यूझीलंडचे होते आणि त्यांच्याकडे मुख्यतः दीड टनी शेव्हरले ट्रक होते, तेही फक्त मागच्या चाकांवर चालणारे. इटालियन सैन्य ज्या वाळूच्या समुद्राला नैसर्गिक तटबंदी समजत होते, त्यातूनच या तुकड्या मागे जाऊन पोचल्या; १९४१ च्या जानेवारीत त्यांनी नैऋत्य लिबियातल्या मुर्झुकवर छापा घातला. १९४१ च्या अखेरीस भारतीय घोडदळाच्या पलटणींतून इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन उभे राहिले आणि हिंदुस्थानी जवानही याच वाळवंटात असेच ट्रक चालवू लागले. कष्टाचा प्रश्न यंत्राने सोडवला तो मात्र अमेरिकेत. समुद्रातून किनाऱ्यावर येणाऱ्या ‘डक’ या सहा चाकी वाहनाला किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून थेट पक्क्या रस्त्यावर जायचे होते, म्हणून चालकाला जागेवर बसूनच टायरमधली हवा कमीजास्त करता येईल अशी नळ्यांची आणि कॉम्प्रेसरची योजना त्यात केली गेली. पुढे अनेक देशांच्या लष्करी ट्रकांनी ती उचलली. हे घडले ते मऊ चाकाचे तत्त्व नव्याने पटले म्हणून नव्हे. पंप मारायचा माणूस मोकळा झाला म्हणून. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांनी धावेच्या चाकाला बाजूला सारले, त्यातही हेच तत्त्व बैलांच्या खांद्यावरचा भार हलका करत होते, फक्त तिथे दाब बदलण्याची गरज क्वचितच पडली.

या सगळ्यात हवा हे केवळ साधन आहे, मुद्दा चाकाने वाकण्याचा आहे, याचा पुरावा हवा नसलेल्या ठिकाणी मिळतो. १९७१ च्या जुलैत अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर पहिली मोटार चालवली. तिच्या प्रत्येक चाकाला पाव अश्वशक्तीची विजेची मोटार होती, चारही मिळून एक अश्वशक्ती. रबर आणि हवा तिथे चालणार नव्हती, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची जाळी विणून चाके बनवली होती. भार पडला की ती जाळी टायरसारखीच खाली दबे आणि लांब ठसा उमटवी. चंद्राचे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून एवढी शक्ती पुरली हे खरे. पण कमी गुरुत्वाकर्षणात चंद्रावरची बारीक धूळही सैलच राहते, आणि चाक कठीण असते तर ती गाडी रुतली असती. मंगळावर क्युरिऑसिटी ही गाडी २०१५ च्या अखेरीस ज्या काळ्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोचली, त्यांना शास्त्रज्ञांनी बॅग्नोल्डचेच नाव दिले आहे. त्याआधी, २००९ च्या वसंतात, स्पिरिट ही तिच्याआधीची गाडी मंगळाच्या दुसऱ्या भागात एका पठाराच्या कडेने जात होती. तिची चाके अॅल्युमिनियमची, न वाकणारी होती. वरची घट्ट पापडी मोडली, खालची मऊ वाळू उघडी पडली आणि चाके फिरत फिरत खोल गेली. पृथ्वीवर तशीच वाळू पसरून, तशीच गाडी उभी करून इंजिनियरांनी महिनोन्‌महिने सुटकेचे प्रयोग केले. २०१० च्या मार्चमध्ये तिचा शेवटचा संदेश आला. ती अजून तिथेच, आसापर्यंत रुतलेली आहे.