पाटी कोणी उचलली?

ऐतिहासिक वास्तू पाहायला म्हणून घराबाहेर पडणे ही गोष्ट आपल्या समाजाच्या वाट्याला फार उशिरा आली. आमच्या घरात 'जाणे' या क्रियापदाचे अर्थ ठरलेले होते. रोवणीला जाणे, कापणीला जाणे, मयतीला जाणे, आणि वर्षातून एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर जाणे. नुसते पाहायला जाणे हा त्यातला अर्थ नव्हता. शाळेच्या सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून मी दोनदा मागे राहिलो. पुढे घराण्यातला पहिला पदवीधर झालो, प्राध्यापक होऊन इतिहास शिकवू लागलो, देवगिरीचा किल्ला आणि वेरूळची लेणी फळ्यावर काढून दाखवू लागलो. तेव्हाही त्यातली निम्मी ठिकाणे मी स्वतः पाहिलेली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात एक दिवसाची खाजगी गाडी ठरवली आणि माहिती सांगायला एक मार्गदर्शकही ठरवला. सोबत दोन विद्यार्थी, एक विद्यार्थिनी आणि माझी आजी. सकाळी अर्जुनी मोरगावहून निघायचे, नवेगावबांध, इटियाडोह आणि प्रतापगड पाहून पवनी गाठायची आणि रात्री परत यायचे, असा बेत होता. आजी आली ती हट्टाने. "मले जे पाहाचं हाय ते मी पाहीन," एवढेच ती म्हणाली.

गाडी गावाबाहेर पडली नाही तोच मार्गदर्शकाने विचारले, "सर, आडनाव काय आपलं?" मी सांगितले. तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, "मग तुम्हाला पवनीच आवडेल. बाकीचं वाटेत आहे म्हणून पाहून घ्या." त्याच्या बोलण्यात अपमान नव्हता. त्याच्या परीने ती आपुलकीच होती. पण त्या एका वाक्यात त्याने साऱ्या मुलखाच्या इतिहासाची वाटणी करून टाकली होती. तलाव आणि किल्ले त्यांचे, स्तूप तुमचा. ही वाटणी आपण मान्य करायची की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२

आपल्यापैकी कोणी वास्तू पाहायला निघाले की मला १९३४ ची सहल आठवते. बाबासाहेब आणि चळवळीतले सुमारे तीस कार्यकर्ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. प्रवासात अस्पृश्यांच्या वाट्याला येणारा त्रास टाळावा म्हणून आपली ओळख न देता जायचे, असे मंडळींनी ठरवले होते. विलायतेतून पदव्या घेऊन आलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस आपल्याच देशातली लेणी पाहायला जाताना नाव झाकून जातो, ही गोष्ट आधी नीट मनात भरून घेतली पाहिजे.

दौलताबादच्या किल्ल्याशी मंडळी पोचली तेव्हा रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला हौद होता आणि अंगावर प्रवासाची धूळ होती. काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मागून ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली. परगावच्या पाहुण्यांना हा रिवाज तुम्ही का सांगितला नाही, म्हणून स्थानिक अस्पृश्यांनाही दरडावण्यात आले. बाबासाहेबांनी त्या जमावाला एक सरळ प्रश्न केला: हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या पाण्यावरून तुम्ही हटकाल काय? उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी किल्ल्यात सोडले, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक सशस्त्र शिपाई बरोबर देऊन.

म्हणजे आमच्या पहिल्या मार्गदर्शकाच्या हातात बंदूक होती. काय पाहावे हे दाखवायला तो आलेला नव्हता; काय शिवू नये हे सांभाळायला आला होता.

या प्रसंगावरून एका धर्माकडे बोट दाखवून मोकळे होणारे लोक आहेत. त्यांनी महाड आठवावे. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, आणि तरीही १९२७ मध्ये चवदार तळ्यावर माणसांची डोकी फुटली. दौलताबाद तर निजामाच्या संस्थानात. तिथे बोले ठरावाचा हुकूमही चालत नव्हता. जातीला मात्र हद्द लागली नाही. ती संस्थानातही होती आणि खालशातही होती, देवळाशी होती आणि हौदाशीही होती.

२६ जानेवारी १९५० पासून संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरावर जातीवरून कोणतीही आडकाठी घालण्यास मनाई केली. एकोणपन्नासाव्या कलमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. ही दोन कलमे सहसा एकत्र वाचली जात नाहीत. ज्याने दौलताबादचा हौद पाहिला त्याला ती एकत्र वाचावीच लागतात. वास्तू जपायची ती कोणासाठी, हे पंधरावे कलम सांगते.

आणि हे संविधान साकारणारा माणूस १९५४ मध्ये याच मुलखात, भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभा राहिला आणि पडला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. आमच्या जिल्ह्याच्या दर्शनीय इतिहासात हा पराभव कोणी सांगत नाही. मार्गदर्शकानेही तो सांगितला नाही.

३

नवेगावबांधचा तलाव पाहिला की माणूस गप्प होतो. डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या बांधाने अडवून एवढे पाणी उभे केले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. जमिनीचा उतार ओळखणे, बांधाची जागा धरणे आणि पाणी धानाच्या बांध्यांपर्यंत नेणे या विद्येत कोहळी समाज वाकबगार होता. ती विद्या नाकारण्याचे काही कारण नाही. नाकारून आपण मोठे होणार नाही.

मार्गदर्शकाने दंतकथा सांगितली. तलावाभोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलाचे मजूर दिवसभर काम करून घरी गेले की रात्री या सात बहिणी येत आणि बांधावर माती टाकत. डोंगरावरचे पिवळसर पांढरे दगड म्हणजे त्यांच्या मातीच्या टोपल्या. ही कथा त्याच्या पदरची नव्हती. मध्यप्रांतातील जातीजमातींवरच्या रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही ती आहे. पुढे कोलू पाटलाचाही देव झाला, कोलासूर देव.

मुलांनी ती कथा वहीत लिहून घेतली. आजी ऐकत होती. ती म्हणाली, "रातच्यान बहिनी आल्या. मंग दिवसा पाटी कोनं उचलली?"

या प्रश्नावर मार्गदर्शक हसला. मला हसू आले नाही. मी इतकी वर्षे इतिहास शिकवतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. या दंतकथेत मजूर एकदाच येतात आणि तेही घरी जाण्यासाठी. बांधणाऱ्याचा देव झाला. रात्रपाळी करणाऱ्या बहिणींच्या टोपल्याही दगड होऊन राहिल्या. दिवसभर खपलेल्यांची ना टोपली राहिली ना नाव. ते कोण होते? त्यात गोंड असतील, ढिवर असतील, महार असतील, गरीब कोहळीही असतील. नेमके कोण किती, याचा कागद माझ्यापाशी नाही, आणि कागद नसताना हे सारे आमचेच होते असे म्हणणे मला इतिहासाचा शिक्षक म्हणून शोभणार नाही. पण ते होते, एवढे तर ती दंतकथाच कबूल करते.

आणि बांध झाल्यावर त्या पाण्यावर कोणाचा हक्क? आजीच्या माहेरच्या गावीही मालगुजारी तलाव होता. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि तलाव सरकारजमा झाले. "आपला घाट मात्र खालच्याच अंगाला राह्यला," आजी म्हणाली. वर गुरे धुतली जात आणि तेच पाणी खाली येई. कायदा पाण्यापर्यंत पोचतो, घाटापर्यंत पोचायला त्याला पिढी लागते.

४

तिथून इटियाडोहला गेलो. गाढवी नदीवरचे हे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. मार्गदर्शकाच्या यादीत ते नव्हते. ते ऐतिहासिक नाही, असे तो म्हणाला. आजीला मात्र हेच पाहायचे होते. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते तेव्हा ती इथे मातीकामाला होती. भिंतीकडे बोट करून ती म्हणाली, "ह्या अंगाले आमची टोळी होती." किती पाट्या झाल्या की रोजी पडे, पाळण्यातले पोर कोण सांभाळी, उन्हाळ्यात डोक्यावरची चुंबळ कशी भिजवून घेत, हे ती सांगत राहिली. मस्टरवर अंगठा देत असे, हेही तिने सांगितले. त्या बारमाही बोलणाऱ्या मुलांनी तासभर तोंड उघडले नाही.

मला कोरेगावचा स्तंभ आठवला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले होते. त्या दगडावर मेलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत, शेवटी 'नाक' लागणारी. ते नाव दगडावर आहे म्हणूनच आपण तिथे जाऊ शकतो. युद्धात मेलेल्याचे नाव राहिले. मातीत खपलेल्याचे राहिले नाही. आजीचा अंगठा ज्या मस्टरवर उमटला, तो आमच्या घराण्याचा पहिला शिलालेख. तो कोणत्या दप्तरात आहे की वाळवीने खाल्ला, हे शोधणे इतिहासाचे काम नाही काय?

प्रतापगडावर फार वेळ काढता आला नाही. नाव ऐकून मुलांना साताऱ्याचा प्रतापगड आठवला; हा वेगळा, गोंड राजवटीच्या आठवणी सांगणारा. इथे महादेवाचे ठाणे आहे आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गाही आहे, आणि महाशिवरात्रीला दोन्हीकडे माणसे लोटतात. जवळच गोठणगावकडे तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. देश सुटलेले बौद्ध आणि देशात असून गावाबाहेर राहिलेले बौद्ध एकाच तालुक्यात राहतात. त्यांची भेट मात्र क्वचितच होते.

५

पवनीला पोचेपर्यंत ऊन उतरले होते. वैनगंगेच्या काठचे हे गाव. एका अंगाला नदी आणि बाकीच्या अंगांना जुनी तटबंदी व खंदक. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये आला. जगन्नाथ टेकडीखाली मोठा स्तूप निघाला, चांडकापूर टेकडीवर दुसरा. कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लेख आहेत, दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि मुचलिंद नागाचे शिल्पही आहे.

मार्गदर्शक आता मोकळेपणाने बोलू लागला होता, कारण त्याच्या हिशेबी आम्ही आमच्या घरी आलो होतो. मलाही भरून आले, ते मी लपवणार नाही. बौद्ध स्थापत्याची एक गोष्ट खरोखर वेगळी आहे. तिथे राजाखेरीज इतरांची नावे आहेत. सांचीच्या एका तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेची नोंद आहे. भंडारा-गोंदियातल्या ज्या महारांच्या घरांत एकेकाळी माग खटखटत होते, त्यांच्या मुलांना हे सांगितलेच पाहिजे. विणणाऱ्या हातांना लेण्यात जागा होती.

पण आजी टेकडीकडे पाहत उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न विचारला. "अना इथं?"

मी तिला दात्यांविषयी सांगितले. ती म्हणाली, "देनाऱ्याचं नाव हाय. उचलनाऱ्याचं?"

ते नाही. दान देणारा आणि वीट भाजणारा एकच नव्हे. १९६९-७० च्या उत्खननात ज्या मजुरांनी घमेल्याने माती वर काढली, त्यांच्याविषयीही मी वर्गात कधी बोललो नाही. देव आणि जोशी यांची नावे मात्र दरवर्षी सांगतो. जो प्रश्न आपण नवेगावच्या बांधाला विचारतो तो पवनीच्या स्तूपालाही विचारला पाहिजे. तसे केल्याने स्तूप लहान होत नाही. उलट जो वारसा 'का' विचारायला शिकवतो, त्याच्याशी आपण प्रामाणिक राहतो.

६

प्रस्थापित इतिहासाने आपल्याला बाहेर ठेवले, हे खरे. पण आता तोच इतिहास आपल्याला एक कोपरा देऊ करतो आहे: एवढे तुमचे, तेवढे आमचे. हा कोपरा उजळ आहे म्हणून आपण त्यात समाधान मानले, तर नवेगावचा बांध, इटियाडोहची भिंत, प्रतापगडाचे दगड, जिथे जिथे आपल्या आणि आपल्यासारख्यांच्या डोक्यावरची पाटी रिकामी झाली ते सारे आपण होऊन सोडून देतो. दौलताबादला शिपायाने पाण्याला शिवू दिले नाही. आज शिपाई नाही. मग आपणच हात मागे का घ्यावा?

परत आल्यावर मी वर्गात एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा टोलीतल्या सर्वांत वयस्क माणसाकडे जायचे आणि त्याने आयुष्यात कोणकोणत्या बांधावर, कालव्यावर, रस्त्यावर, इमारतीवर काम केले ते लिहून आणायचे. ठिकाण, साल, रोजी, सोबतच्या माणसांची नावे. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना हे काम सारखेच होते. पहिल्या महिन्यात चाळीस वह्या आल्या. एका मुलाने विचारले, "सर, हे परीक्षेत येईल का?" मी म्हटले, नाही येणार. तरी त्याने आणखी दोन पाने लिहून आणली.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की हे काम आपापल्या गावी सुरू करावे. घाई आहे. इटियाडोहला आजीच्या टोळीत ज्या बाया होत्या, त्यांची नावे मी परतीच्या वाटेवर विचारली. तिला अकरा आठवली. त्यांतल्या दोघीच आता हयात आहेत.