गोव्याने नाकारलेले पाचारण

धर्मगुरू व्हावे ही ओढ मनातली; तिची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? मातेउस द कास्त्रो महाले यांच्या बाबतीत ती सापडते, कारण त्यांना नकार मिळाला. नकार मिळालेला माणूस अर्ज करतो आणि अर्ज दप्तरी राहतो. रोमच्या धर्मप्रसार मंडळाच्या, म्हणजे 'प्रोपागांडा फीदे'च्या दप्तरात त्यांची निवेदने आहेत आणि त्यांच्याविरुद्ध गोव्यातून गेलेला मजकूरही आहे. थिओडोर गेस्क्येर यांनी याच कागदांच्या आधारे १९३७ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. दोन्ही बाजूंच्या लेखण्या तापलेल्या आहेत. म्हणून जिथे दोघांचे जुळते, तिथेच पाय रोवावा हे बरे.

जन्म १५९४ च्या सुमारास, दिवाडी बेटावरील नावेली गावी, धर्मांतरित ब्राह्मण घराण्यात. शिक्षण बार्देशात रेईस मागोसला, फ्रान्सिस्कनांच्या हाताखाली. इथवर सारे सरळ होते. दीक्षेचा प्रश्न आला आणि दार बंद झाले. गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हाव द सा यांचा स्थानिकांना दीक्षा देण्यास ठाम विरोध होता. मुलगा हुशार आहे की नाही, भक्तिमान आहे की नाही, हा मुद्दाच नव्हता. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहिले जाई.

कास्त्रो खुश्कीच्या मार्गाने निघाले आणि १६२५ मध्ये रोमला पोचले. वेळ अनुकूल होती. धर्मप्रसार मंडळ तीनच वर्षांपूर्वी, १६२२ मध्ये स्थापन झाले होते, आणि त्याचे पहिले सचिव फ्रांचेस्को इंगोली यांना पोर्तुगीज राजाच्या धार्मिक मक्तेदारीला वळसा घालायचा होता. जिथले लोक तिथलेच धर्मगुरू, हे त्यांचे धोरण. गोव्याहून आलेला हा तरुण त्या धोरणाचा चालताबोलता पुरावा ठरला. तरी त्याला केवळ रोमच्या राजकारणाचे प्यादे म्हणणे अन्यायाचे होईल: इंगोलींचे नाव ऐकण्याआधीच त्याने घर सोडले होते. रोममध्ये शिक्षण पुरे करून कास्त्रो यांनी गुरुदीक्षा घेतली.

१६३३ मध्ये ते पोपची अधिकारपत्रे घेऊन गोव्यात परतले. हा प्रसंग जरा थांबून पाहावा. ज्याला दीक्षेच्या उंबऱ्याशी अडवले, तोच आता रोमची मोहोर घेऊन समोर उभा होता. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी ती पत्रे मानली नाहीत. आशियातील चर्चचा कारभार लिस्बनच्या मार्फत चालावा हा पोर्तुगालचा दावा, आणि ही पत्रे त्या वाटेने आलीच नव्हती. कायद्याचा आधार असा मिळाला. पण मूळ सल रंगाचा आणि जातकुळीचा होता. जेझुइट पॅट्रिआर्क आफोन्सो मेंदेस यांनी तर पुढे त्यांना रंगावरूनच हिणवले.

कास्त्रो पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये तिथे त्यांना गुपचूप बिशपपदाचा अभिषेक झाला आणि आदिलशाही मुलखाचे व्हिकर अपोस्टोलिक, म्हणजे पोपच्या वतीने तिथला धर्मकारभार पाहणारे अधिकारी, म्हणून ते परत आले. गोव्याच्या हद्दीला लागून, पण तिच्याबाहेर, डिचोलीत त्यांनी ठाणे केले आणि गोव्यातल्या तरुणांना दीक्षा देऊ लागले. गोव्याने त्या दीक्षाही अमान्य केल्या.

पुढचा काळ कडवटपणाचा आहे. १६५३ च्या त्यांच्या पत्रात गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना पोर्तुगीजांविरुद्ध एक होण्याची हाक आहे. आदिलशहाशी आणि डचांशी संधान बांधल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. त्यांचा स्वभाव भांडखोर होता हे त्यांच्या स्वतःच्याच लेखनावरून दिसते. पण आयुष्यभर दारे बंद होत गेलेल्या माणसाच्या स्वभावाचा हिशेब मांडताना ती दारे लावणाऱ्यांचे खातेही उघडावे लागते.

१६५८ मध्ये ते कायमचे रोमला गेले आणि १६७७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या हयातीतच त्यांचे दोन भाचे-पुतणे बिशप झाले होते: कुस्तोदियो द पिन्हो आदिलशाहीत, तोमास द कास्त्रो मलबारात. दोघांचेही शिक्षण रोमलाच झाले होते.