चिकन पिकाटा

चिकन पिकाटा हा कोंबडीच्या छातीच्या बिनहाडाच्या मांसाचे पातळ काप मैद्यात घोळवून, तव्यात कमी तेलावर परतून आणि लिंबाचा रस, पांढरी वाईन व लोणी यांच्या पातळ रश्शात मुरवून केला जाणारा पदार्थ आहे. मूळ पाककृती इटलीची असून तेथे ती प्रामुख्याने वासराच्या मांसाची करतात. कोंबडीचे रूप अमेरिकेतील इटालियन वंशाच्या लोकांच्या स्वयंपाकातून जगभर पोहोचले. भारतात हा पदार्थ मुख्यतः मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत मिळतो. त्याला लागणारी लिंबूवर्गीय फळे आणि द्राक्षे ही मात्र महाराष्ट्राची नेहमीची पिके आहेत. जालना जिल्ह्यात मोसंबी व द्राक्षे या दोन्हींच्या बागा आहेत.

नाव आणि अर्थ

इटालियन भाषेत या शब्दाचा उच्चार ‘पिक्काता’ असा होतो. मराठीत व भारतीय इंग्रजीत ‘पिकाटा’ हे रूप रूढ आहे. उत्तर इटलीत हा शब्द मांसाच्या पातळ, लहान कापांसाठी वापरतात. अशा कापांना ‘स्कालोपिने’ असेही म्हणतात.

या पदार्थासंबंधी ‘कटलेट’ हा शब्द वाचताना भारतीय वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ बरगडीलगतचा मांसाचा काप असा होता. भारतात मात्र खिमा किंवा उकडलेल्या भाज्यांचे, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले वडे कटलेट म्हणून ओळखले जातात. पिकाट्यातील कटलेट म्हणजे खिम्याचा वडा नसून ठोकून पातळ केलेला अखंड काप होय.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इटलीतून, विशेषतः तिच्या दक्षिण भागातून, लक्षावधी लोक अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांच्या उपाहारगृहांत मायदेशातील पाककृती स्थानिक जिन्नसांनुसार बदलत गेल्या. पिकाट्यात वासराच्या मांसाची जागा कोंबडीने घेतली, रश्शाचे प्रमाण वाढले आणि खारवलेल्या केपर कळ्यांची जोड कायमची झाली. मार्साला वाईन व अळंबी घालून केलेले ‘चिकन मार्साला’ आणि अंड्यात बुडवून परतलेले ‘चिकन फ्रांचेझे’ हे त्याच परंपरेतील पदार्थ आहेत.

घटक

चार जणांसाठी साधारणपणे पुढील प्रमाण घेतात: कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे मांस ५०० ग्रॅम, मैदा ६० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, लोणी ५० ग्रॅम, कोरडी पांढरी वाईन १२० मिलिलिटर, कोंबडीच्या हाडांचे पाणी १२० मिलिलिटर, लिंबाचा रस ३० ते ४५ मिलिलिटर, केपर २ मोठे चमचे, मीठ, मिरपूड आणि चिरलेली पार्सली. पार्सलीऐवजी कोथिंबीर वापरल्यास पदार्थाचा गंध बदलतो, कृतीत फरक पडत नाही.

लिंबू: पाश्चात्त्य पाककृतींत जाड सालीचे पिवळे लिंबू अभिप्रेत असते. महाराष्ट्रात मिळणारे कागदी लिंबू ही वेगळी जात असून त्याचा रस अधिक आंबट असतो. त्यामुळे कागदी लिंबू वापरताना रसाचे प्रमाण ३० मिलिलिटरच्या आसपास ठेवणे इष्ट ठरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘साई सरबती’ हे कागदी लिंबाचे एक प्रसिद्ध वाण आहे.

केपर: भूमध्य सागरी प्रदेशातील कॅपॅरिस स्पिनोसा या काटेरी झुडपाच्या न उमललेल्या कळ्या मिठात किंवा शिरक्यात मुरवून केपर तयार होतात. याच प्रजातीतील कॅपॅरिस झेलॅनिका ही वेल महाराष्ट्रात वाघाटी म्हणून परिचित आहे. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला वाघाटीच्या फळांची भाजी करण्याची प्रथा आहे. वाघाटीचे फळ कडसर असते, त्यामुळे ते केपरचा थेट पर्याय ठरत नाही. केपर न मिळाल्यास खाऱ्या पाण्यातील हिरवी ऑलिव्ह फळे बारीक चिरून घालतात.

कृती

छातीचे मांस आडवे कापून त्याचे दोन पातळ भाग करतात. प्रत्येक काप प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने किंवा बत्त्याने हलके ठोकतात व त्याची जाडी सर्वत्र ५ ते ६ मिलिमीटर करतात. जाडी समान नसल्यास पातळ कडा कोरड्या पडतात आणि मधला भाग कच्चा राहतो. कापांवरील ओलावा टिपून, मीठ व मिरपूड लावून ते मैद्यात घोळवतात आणि जादा मैदा झटकून टाकतात.

रुंद तव्यात तेल व थोडे लोणी तापवून काप एकमेकांना न चिकटता ठेवतात. प्रत्येक बाजू २ ते ३ मिनिटांत सोनेरी होते. तव्यात गर्दी झाल्यास मांसाला पाणी सुटते व ते परतले जाण्याऐवजी शिजू लागते. म्हणून काप दोन खेपांत परततात आणि ताटात काढून ठेवतात.

त्याच तव्यात वाईन ओतून तळाला चिकटलेला तांबूस थर उलथन्याने सोडवतात. वाईन आटून निम्मी झाल्यावर हाडांचे पाणी व केपर घालून रस्सा ३ ते ४ मिनिटे उकळतात. नंतर काप पुन्हा तव्यात ठेवतात व मध्यापर्यंत शिजल्याची खात्री करतात. शेवटी आच बंद करून लिंबाचा रस आणि उरलेल्या थंड लोण्याचे तुकडे घालून तवा गोल फिरवतात. हा पदार्थ लगेच वाढतात. सोबत पाव, भात किंवा शेवयांसारखा पास्ता दिला जातो.

कृतीमागील शास्त्र

काप तांबूस होण्यामागे प्रथिने व शर्करा यांच्यातील ‘माइयार प्रक्रिया’ असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय माइयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ही प्रक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने होते. पाणी १०० अंशांवर उकळत असल्याने ओला पृष्ठभाग तांबूस होत नाही. म्हणूनच मांस टिपून कोरडे करणे व मैद्याचा थर देणे आवश्यक ठरते. हाच मैदा पुढे रश्शाला किंचित दाटपणा देतो.

तव्याच्या तळाचा थर पाण्यात व मद्यार्कात विरघळून रश्शाची मुख्य चव बनतो. थंड लोणी मंद उष्णतेत घातल्यास त्यातील स्निग्धांश सूक्ष्म थेंबांच्या रूपात रश्शात मिसळून राहतो. रस्सा उकळत असताना लोणी घातल्यास तूप वेगळे होऊन वर तरंगते. लिंबाचा रस शेवटी घालण्याचे कारण असे की, त्याची गंधद्रव्ये उष्णतेने उडून जातात.

लिंबू व वाईन दोन्ही आम्लधर्मी असल्याने भांड्याची निवड महत्त्वाची आहे. लोखंडी किंवा उघड्या अॅल्युमिनियमच्या भांड्यात रश्शाला धातूची चव येते, तर कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. स्टेनलेस स्टीलचा जाड बुडाचा तवा यासाठी योग्य असतो.

मद्यार्काचे अवशिष्ट प्रमाण

वाईन उकळल्यावर तिच्यातील मद्यार्क पूर्णपणे उडून जातो, हा समज बरोबर नाही. शुद्ध मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसवर उकळत असला, तरी पाण्यात मिसळलेला मद्यार्क हळूहळू कमी होतो. १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावर आधारित कोष्टकानुसार, मद्य पदार्थात मिसळून १५ मिनिटे शिजवल्यास सुमारे ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. भांड्याची रुंदी व आच यांनुसार हे आकडे बदलतात. पिकाट्याचा रस्सा काही मिनिटेच शिजत असल्याने त्यात मद्यार्काचा काही अंश राहतो.

धार्मिक कारणाने मद्य वर्ज्य मानणाऱ्या, व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या, मद्याशी विपरीत परिणाम होणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींना, तसेच गर्भवती स्त्रियांना व लहान मुलांना हा पदार्थ वाढण्यापूर्वी वाईनची माहिती देणे म्हणूनच गरजेचे असते. वाईनऐवजी हाडांचे पाणी दुप्पट घेऊन त्यात चमचाभर शिरका घालता येतो. शिरक्यामुळे आंबटपणा भरून निघतो, वाईनचा फळांसारखा गंध मात्र येत नाही.

अन्नसुरक्षा

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. मांसाच्या मध्यभागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचणे सुरक्षित मानले जाते. तापमापक नसल्यास काप मधोमध चिरून आतील मांस पूर्ण पांढरे असल्याचे व गुलाबी रस सुटत नसल्याचे पाहतात, मात्र ही खूण तापमापकाइतकी विश्वसनीय नाही. कच्चे मांस नळाखाली धुतल्याने जिवाणू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर व इतर भांड्यांवर पसरतात. गोठवलेले मांस ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवतात. लिंबाच्या रसात मुरवल्याने मांसाचा रंग पांढरट होतो, पण ते शिजत नाही व निर्जंतुकही होत नाही.

महाराष्ट्र व गोव्यातील संदर्भ

पिकाट्याशी सर्वांत जवळचा स्थानिक पदार्थ गोव्यात आढळतो. तेथील ख्रिस्ती घरांत व सायंकाळच्या गाड्यांवर मिळणारे कटलेट हे ठोकून पातळ केलेल्या मांसाच्या अखंड कापाचे असते. त्याला आले-लसूण, हळद व लिंबू किंवा शिरका लावून, रव्यात घोळवून ते कमी तेलावर परततात आणि पावात घालून देतात. पातळ काप, कोरडे आवरण व आंबट रस ही तिन्ही अंगे दोन्ही पदार्थांत सारखी आहेत. फरक असा की, गोव्यात आंबट रस परतण्याआधी लावतात, तर पिकाट्यात तो नंतर घालतात.

पांढऱ्या वाईनच्या बाबतीत महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन उद्याने उभारली. नाशिक परिसरात सोव्हिन्यों ब्लां व शेनां ब्लां या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षजातींची लागवड होते. सोव्हिन्यों ब्लांची कोरडी, आंबटसर वाईन पिकाट्यासाठी विशेष योग्य मानली जाते. मोठ्या किराणा दुकानांत वाईनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला असता त्यास राजकीय व सामाजिक स्तरांवरून तीव्र विरोध झाला.

जालना जिल्ह्यातील फळे व त्यांचा वापर

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. येथील मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. मोसंबीचे पीक अंबिया व मृग अशा दोन बहरांत घेतले जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या व अनेक शेतकऱ्यांना झाडे तोडावी लागली.

मोसंबीचा रस गोड व अल्प आम्लाचा असल्याने पिकाट्यात तो लिंबाची जागा घेऊ शकत नाही. मोसंबी व लिंबू यांच्या रसांचे मिश्रण केल्यास सौम्य, गोडसर रस्सा तयार होतो. मोसंबीचा रस काढून ठेवल्यास किंवा तापवल्यास त्यातील लिमोनिनमुळे कडवट होतो. त्यामुळे तो वाढण्याच्या वेळी ताजा काढून, आच बंद केल्यावरच घालतात व फळ पिळताना बिया आणि पांढरी साल चिरडली जाऊ देत नाहीत.

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकासाची कामे व शेततळी यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. खाण्याच्या द्राक्षांचा पिकलेला रस फार गोड असल्याने वाईनला पर्याय ठरत नाही. कच्च्या द्राक्षांचा आंबट रस मात्र युरोपात व इराणमध्ये पूर्वापार स्वयंपाकात वापरला जातो आणि पिकाट्यात तो वाईन व काही अंशी लिंबू या दोहोंचे काम करतो. त्यात मद्यार्क नसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी करताना असे कच्चे मणी उपलब्ध होतात. परंतु त्या काळात बागेवर कीडनाशके व संजीवकांच्या फवारण्या चालू असतात आणि काढणीपूर्वी पाळावयाचा प्रतीक्षा काळ पूर्ण झालेला नसतो. त्यामुळे व्यापारी बागेतील विरळणीचे मणी खाण्यास वापरणे सुरक्षित नाही. या रसासाठी फवारणी न केलेल्या परसातील वेलाची द्राक्षेच घेणे योग्य ठरते.

हेही पहा

मोसंबी
कागदी लिंबू
वाघाटी
गोव्याची खाद्यसंस्कृती
जालना जिल्हा