मुखवटा आणि मास्क

श्रावणातल्या सोमवारी उज्जयिनीत महाकालाची सवारी निघते. पालखीत चंद्रमौळेश्वराचा मुखवटा असतो, हत्तीवर मनमहेशाचा. क्षिप्रेच्या रामघाटावर पूजा होऊन सवारी मंदिरात परतते. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे हा क्रम भाद्रपदातही चालू राहतो. पण तिकडचा भाद्रपद कृष्णपक्ष म्हणजे आपला श्रावणच, हे ध्यानी घेतले की कोडे सुटते. मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. तेव्हा एका मराठी शब्दाची चर्चा उज्जयिनीपासून आरंभणे अप्रस्तुत ठरू नये.

सवारीतील मुखवट्याला खोटा चेहरा कोणी म्हणत नाही. लिंगाला मुख नसते. मुखवटा ते देतो. झाकणे हे त्याचे काम नव्हे, दर्शन घडविणे हे होय. आपल्या घरच्या गौरींचे मुखवटेही याच जातीचे. जुन्या मराठीत तर मुलीचा मुखवटा आईसारखा आहे असे सरळ म्हणत, आणि त्यात केवळ चेहऱ्याची ठेवण अभिप्रेत असे. आज मात्र कोणाचे ढोंग उघडे पडले की त्याचा ‘मुखवटा गळून पडला’ असे आपण लिहितो. आम्हीही लिहिले आहे. हा अर्थ इंग्रजी ‘मास्क’ मनात ठेवून लिहिण्याच्या सवयीने बळावला, असे आमचे मत आहे.

परंतु तो ‘मास्क’ तरी मुळात फसवा होता काय? त्याच्या कुळाविषयी कोशकारांत एकमत नाही. कोणी तो मध्ययुगीन लॅटिनमधील ‘मास्का’ या भूतचेटकीच्या नावाशी जोडतात, तर कोणी अरबी ‘मस्खरा’शी, म्हणजे विदूषकाशी. हा दुसरा पक्ष खरा असेल तर ‘मास्क’ आणि आपली ‘मस्करी’ सख्ख्या बहिणी ठरतात. कारण आपला शब्द फारसीच्या वाटेने त्याच अरबी घरातून आला. ‘डिसगाइज’ हा शब्द फ्रेंचमधून आला. नेहमीची वेषभूषा बदलणे एवढाच त्याचा आरंभीचा अर्थ. नवनव्या तऱ्हेचे कपडे करणाऱ्या नटव्यांनाही जुन्या इंग्रजीत तो लावीत. ‘पर्सन’ची कथा याहून नवलाची. लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा, मग त्याची भूमिका, मग कायद्यापुढे उभी राहणारी व्यक्ती आणि शेवटी कोणीही माणूस! ज्याला आपण माणसाचे खरेपण समजतो, त्याचे नाव रंगभूमीवरच्या मुखवट्यावरून पडले. म्हणून ‘मुखवटा’ या नोंदीखाली कोशात आधी देवाचे मुख यावे, ढोंग नंतर, असा आमचा आग्रह आहे.

वेषांतराचा आपला जुना शब्द याहून सूचक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापसाच्या वेषातील हेराला ‘तापसव्यंजन’ म्हटले आहे. व्यंजन म्हणजे व्यक्त करणारे चिन्ह; काव्यशास्त्रातील ‘व्यंजना’ त्याच धातूची. लपणाऱ्याला नाव मिळाले ते प्रकट करण्याच्या क्रियेवरून! याचे नाट्यरूप पुन्हा उज्जयिनीतच सापडते. भासाच्या नावाने त्रिवेंद्रमहून १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ नाटकात वत्सराज उदयन प्रद्योताच्या कैदेत आहे आणि त्याचा मंत्री यौगंधरायण वेड्याचे सोंग घेऊन या नगरीत वावरतो. प्रद्योताच्या लोकांना त्यात वेडाच दिसतो. प्रेक्षकाला मात्र त्या चिंध्यांतून मंत्र्याची प्रतिज्ञा दिसत राहते.