ओडेसातला एक संगणक, रॉटरडॅमच्या क्रेन
(वेळा भारतीय)

२०१६. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत संगणक-सुरक्षा सुधारण्याची योजना मंजूर होते, पैसाही ठेवला जातो. पण तिच्यावर कोणाचा बोनस अवलंबून नाही. योजना पडून राहते.

१४ मार्च २०१७. मायक्रोसॉफ्ट विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट देते.

१४ एप्रिल. त्याच भगदाडातून शिरणारं अमेरिकी हेरखात्याचं हत्यार, इटर्नलब्लू, इंटरनेटवर फुटतं. त्याच दिवशी ‘एम.ई.डॉक’ या युक्रेनी कर-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून चोरदरवाजा जातो. मर्स्कच्या ओडेसातल्या कचेरीत ते सॉफ्टवेअर एकाच संगणकावर आहे.

१२ मे. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भगदाडातून येतो. रेनोच्या कारखान्यांत उत्पादन थांबतं. याहून मोठा इशारा कोणता हवा होता?

२७ जून, दुपारी २.२९. चोरलेल्या पासवर्डने कोणीतरी एम.ई.डॉकच्या अपडेट सर्व्हरचा पूर्ण ताबा घेतं.

२.४४. अपडेट मागणारे संगणक हल्लेखोरांच्या सर्व्हरकडे वळतात. नॉटपेट्या हा व्हायरस सुटतो. इटर्नलब्लू चालत नाही तिथे तो मेमरीतले पासवर्ड उचलून पुढे सरकतो. त्यामुळे अपडेट केलेले संगणकही सापडतात. रीस्टार्टनंतर पडद्यावर ३०० डॉलरची मागणी. पैसे भरूनही काही परत मिळणार नसतं.

पुढचे काही तास. ओडेसातल्या त्या संगणकातून नॉटपेट्या मर्स्कच्या नेटवर्कभर पसरतो. रॉटरडॅमच्या मासव्लाक्ते-२ टर्मिनलवर क्रेन दुरून चालतात, कंटेनर वाहणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्यांत चालक नसतो. हुकूम देणारे संगणक पडले आणि सगळं जागच्या जागी थांबलं. चालकच नाही, तर हाक मारून काम उरकायचीही सोय नाही. मर्स्कच्या ७६ पैकी १७ टर्मिनलांचं काम अडलं. त्यांत आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही होतं. तिथे माणसांनी हाताने काम रेटायचा प्रयत्न केला.

संध्याकाळी ६.०१. वळवलेली शेवटची जोडणी तुटते. दोन मिनिटांनी सर्व्हरची मांडणी पूर्ववत.

२८ जून, रात्री १.१६. हल्लेखोर आपला सर्व्हर पुसून टाकतात.

पुढचे १० दिवस. मर्स्कला ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागतात. नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या तिच्या जगभरच्या सर्व्हरपैकी (डोमेन कंट्रोलर) फक्त घानातला शाबूत असतो. तिथे वीज गेली होती म्हणून. कोणी तसं योजलं नव्हतं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

आपल्या गोदामात रोबोट असतील तर एवढं विचारून घ्या: हिशेबाचा संगणक आणि रोबोटला हुकूम देणारा संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का? आणि बॅकअपची एक प्रत त्या नेटवर्कबाहेर आहे का?