पिसू, शेवंती आणि मांजराचे यकृत

व्हिएन्नातील डोब्लिंग या उपनगरात एक विलक्षण इमारत उभी आहे. घुमट, मिनारांची आठवण करून देणारे उंच मनोरे, रंगीत चकाकत्या फरश्यांनी मढवलेला दर्शनी भाग. प्रथमदर्शनी कोणीही तिला मशीदच म्हणेल. प्रत्यक्षात १८८८ ते १८९२ या काळात आकाराला आलेली ही वास्तू म्हणजे पिसवा मारणाऱ्या भुकटीचा कारखाना होता. ऑस्ट्रियातील कारखान्याला पौर्वात्य वेश का चढवला, याचे उत्तर त्या भुकटीच्या इतिहासात आहे. मित्रहो, हा धागा थोडा लांबणार आहे.

कारखान्याचा संस्थापक योहान झाखर्ल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, व्यापार करीत असे. कॉकेशस आणि इराणच्या डोंगरांत गुलाबी फुलांची एक शेवंतीवर्गीय वनस्पती उगवते. तिची वाळलेली फुले कुटून केलेली भूक तेथील लोक पिसवा व ढेकूण यांवर वापरीत. युरोपात हीच ‘पर्शियन भुकटी’ म्हणून विकली जाई. पौर्वात्य इमारत ही अशा रीतीने मालाची जाहिरात होती.

पुढे हिच्या बहिणीने बाजी मारली. अॅड्रियाटिक समुद्रकाठच्या डाल्मेशियात, आजच्या क्रोएशियात, पांढऱ्या पाकळ्यांची एक जात खडकाळ उतारांवर वाढते. तिच्यात विषारी अंश अधिक. तिच्याविषयी एक कथा सांगतात: डुब्रॉव्हनिकमधील एका बाईने शोभेसाठी आणलेली ही फुले सुकल्यावर कोपऱ्यात टाकली आणि काही दिवसांनी त्यांभोवती मेलेल्या किड्यांचा सडा दिसला. ‘योगायोगाने लागलेला शोध’ ही कथेची जातच मला संशयास्पद वाटते. अशा कथांत पिढ्यान्‌पिढ्या ती फुले वापरणारी शेतकरी माणसे अलगद गायब होतात.

जाता जाता नावाचा एक घोटाळा. या भुकटीला ‘पायरेथ्रम’ म्हणतात. परंतु प्राचीन ग्रीकांचे पायरेथ्रम म्हणजे आपल्या वैद्यांचा अक्कलकारा. चघळल्यावर जीभ पेटते, म्हणून ग्रीकमधील ‘अग्नी’ या शब्दावरून ते नाव पडले. जुन्या ग्रंथांत पायरेथ्रम दिसले की लगेच पिसवांशी नाते जोडू नये.

आता जनावरांकडे वळू. या भुकटीपूर्वी लूत, खरूज, पिसवा यांवर काय होते? पाऱ्याची मलमे होती. मेंढ्यांच्या खरजेवर तंबाखूचा काढा होता. ऑस्ट्रेलियात गंधक आणि तंबाखूच्या द्रावणात कळपच्या कळप बुडवीत. १८५२ मध्ये इंग्लंडच्या विल्यम कूपरने मेंढ्यांसाठी जी भुकटी बाजारात आणली, तिच्यात चक्क आर्सेनिक होते. किडा मरे, मात्रा चुकली तर जनावरही मरे. तंबाखू तर अस्सल वनस्पती, परंतु तिचे निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते. या पार्श्वभूमीवर पायरेथ्रम हे खरोखर वरदान होते. कुत्र्याच्या केसांत भुकटी चोळावी, तो थोडीफार चाटला तरी सहसा बिघडत नसे. पिसवा काही मिनिटांत लुळ्या पडून गळत. मात्र त्या सगळ्याच मेलेल्या नसत. कमी मात्रा पोचलेली पिसू पुन्हा उठून बसे, म्हणून झाडून गोळा केलेला केर जाळणे इष्ट.

याचे कारण पुढे उलगडले. फुलातील ‘पायरेथ्रिन’ ही द्रव्ये चेतातंतूंतील सोडियमची दारे उघडीच ठेवतात. संदेश थांबत नाही, किडा थरथरतो आणि कोसळतो. सस्तन प्राण्यांचे यकृत ही द्रव्ये झपाट्याने मोडते. सूर्यप्रकाशही त्यांना काही तासांतच निष्प्रभ करतो. हा गुणही होता आणि दोषही: घरात चाले, शेतात टिकत नसे.

मागणी वाढली तशी भेसळ आली. देठांची भुकटी मिसळायची आणि मग रंग अस्सल दिसावा म्हणून क्रोम यलो, म्हणजे शिसेयुक्त रंग, घालायचा. ‘निरुपद्रवी’ म्हणून विकत घेतलेल्या डब्यातून कुत्र्याच्या जिभेवर शिसे जाई!

जपानमधील वाकायामाच्या उएयामा एइइचिरो यांनी १८८६ मध्ये एका अमेरिकन व्यापाऱ्याकडून या फुलाचे बी मिळवले, १८९० मध्ये डासांसाठी उदबत्ती काढली आणि पत्नी युकी यांनी सुचवलेली वेटोळ्याची कल्पना १९०२ मध्ये बाजारात आणली. आपल्या घरातील कॉइल तिचीच वंशज. दुसऱ्या महायुद्धात जपानी माल तुटला आणि केनियाच्या उंच प्रदेशातील शेतांना महत्त्व आले.

तोवर प्रयोगशाळा पुढे सरकली होती. झुरिकमध्ये हेर्मान श्टाउडिंगर आणि लिओपोल्ड रुझिचका यांनी या द्रव्यांच्या रेणूरचनेवर काम करून ते १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे दोघांनाही नोबेल मिळाले. १९७३ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड संस्थेत मायकेल एलियट यांच्या गटाने ‘परमेथ्रिन’ मांडले. फुलाच्या रेणूवरूनच बेतलेले, पण उन्हात टिकणारे. कुत्र्याच्या मानेवर चार थेंब टाकले की पिसवा आणि गोचिडी यांपासून काही आठवडे सुटका.

येथे मांजर मध्ये येते. परक्या द्रव्याला एक साखरी आम्ल जोडून ते लघवीवाटे बाहेर टाकणे, हे यकृताचे एक नित्यकर्म. मांजरकुळात या कामाचे एक महत्त्वाचे जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालेले आहे, वाघ-सिंहांतही तसेच. त्यामुळे परमेथ्रिन मांजराच्या शरीरात रेंगाळते. कुत्र्यासाठीच्या औषधात त्याचे प्रमाण ४५ ते ६५ टक्के असू शकते. तेच थेंब मांजरावर पडले, किंवा औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून मांजर झोपले, तरी थरथर, झटके आणि कधी मृत्यू ओढवतो.

मूळ फुलाची द्रव्येही मांजराला बेतानेच सोसतात, म्हणून त्याच्यासाठीच्या औषधांत त्यांचे प्रमाण अगदी अल्प ठेवतात. कुत्रा चाटतो ते प्रसंगाने. मांजर अंगावरचा प्रत्येक केस रोज चाटून काढते. त्याच्या अंगावर घातलेली कोणतीही पूड, तेल वा काढा संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलेला असतो. औषधाच्या खोक्यावर मांजराच्या चित्रावर काट मारलेली असते, ती यासाठी.