रागांचा डिस्को आणि आपल्या गावची पोरं

राजेहो, परवा हिवरा आश्रमच्या बसस्टँडवर एका पोरानं मोबाइल पुढे केला. "भाऊ, हे म्या बनवलं. दोन मिनिटं ऐका ना."

हलगीचा ठेका, खाली जाड बेस आणि वर सिंथचा सूर. चांगलं जमलं होतं. मधेच एका आवाजात त्याचं स्वतःचं नाव आलं. म्हटलं, "नाव कायले टाकलं रे मधातच?"

"मंग कोन लिहिते आपलं नाव, भाऊ?"

उत्तर झोंबलं. इतकी वर्षं बातम्या लिहितोय. 'डीजेच्या दणदणाटात मिरवणूक' हे किती वेळा लिहिलं त्याचा हिशेब नाही. पण ते संगीत कुणी बनवलं, हे एकदाही विचारलं नाही.

ही खोड माझ्या एकट्याची नाही, जुनी आहे. 1982 ची गोष्ट सांगतो. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे वाजवणारे, म्हणजे पडद्यावर नाव न दिसणारे. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली. टीआर-808 ठेका धरायचं, टीबी-303 बेस वाजवायचं आणि ज्युपिटर-8 वर ते स्वतः राग वाजवायचे. भैरव, तोडी, मालकंस, यमन असे दहा राग. रेकॉर्डचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

हे जमलं कसं? आपल्या रागात खाली तानपुरा एकच षड्ज धरून असतो, वर ठरलेले सूर फिरतात. यंत्रही तेच करतं. एकच आकृती न थकता वाजवत राहतं. तानपुऱ्याच्या जागी यंत्र बसलं, एवढंच.

रेकॉर्ड काही चालली नाही. लोक विसरले. पुढे 1987 मध्ये अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्याच टीबी-303 वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं. त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार जगभर गेला. मुंबईत पाच वर्षं आधी असंच काही वाजून गेलंय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. आपल्याला तरी कुठं होती?

2010 मध्ये हॉलंडच्या एका छोट्या कंपनीनं ती रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा जग चकित झालं. सत्तरीतले चरणजित सिंग युरोपात जाऊन वाजवून आले. 2015 मध्ये ते गेले. उभी हयात मुंबईत काढलेल्या माणसाची ओळख आपल्याला हॉलंडहून झाली.

2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' गाजलं. मराठी शब्द, हाउस संगीत. ते काढणारी स्पिनिन रेकॉर्ड्सही हॉलंडचीच! योगायोग असेल. पण शिक्का बाहेरून आला की आपले कान उघडतात, ही सवय खरी.

आता कोणी म्हणेल, डीजेची बाजू घेता का? नाही. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हा नियम आहे. तो पाळलाच पाहिजे. म्हाताऱ्या माणसांचे, लेकरांचे हाल मीही पाहिलेत. पण आवाज वाढवणारा हात वेगळा आणि सूर जुळवणारं डोकं वेगळं. एकाच्या दंडाची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडू नका.

आमच्या लहानपणी लग्नात बँडच्या गाडीवर कॅसिओ वाजवणारे कलाकार असायचे. आज त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही, याची लाज वाटते. मेहकर, डोणगाव, जानेफळ भागातल्या अशा वादकांची नावं आठवत असतील तर खाली लिहा. आज मोबाइलवर ट्रॅक बनवणाऱ्या पोरांनो, तुम्ही स्वतःच लिहा. मी एकेकाला भेटून, ऐकून, नावानिशी बातमी करीन.

सुरुवात बसस्टँडवरच्या त्या पोरापासून. त्याला विचारून.